गेलंच नव्हतं

बाजार नुकता रंगात आला होता, आणि तेरलुमुनने बोंब ठोकली.

हेंबादून तेव्हा खानावळींच्या रांगेत उभी राहून कंद कुटत होती. उखळातला गोळा चिकट व्हायला लागला होता. अशा वेळी हात थांबवला की गुठळ्या राहतात आणि गिऱ्हाईक नाकं मुरडतं, म्हणून ती इकडे-तिकडे न बघता मुसळ हाणत होती. तेवढ्यात लोखंडी सामानाच्या बाजूने तो आवाज आला.

"नेलं! माझं नेलं याने! धरा, धरा त्याला! माझं पुरुषपण नेलं!"

आवाज नवऱ्याचा होता.

म्बाकुर गावात बरेच दिवस दुसरा विषयच नव्हता. कुणी परका माणूस हातात हात देतो, अंगातून गार शिरशिरी जाते, आणि बापड्याने घाबरून खाली चाचपलं की तिथे काहीच नसतं. नदीपलीकडच्या गावात एका फिरत्या विक्रेत्याला याच आरोपावरून गळ्यात टायर घालून जाळलं होतं. भाड्याने सवारी नेणारे मोटारसायकलवाले एकमेकांना कोपराने रामराम करत होते. भले भले बाप्ये एक हात खिशात घालून बाजारातून चालत होते. बायका त्यावर हसत होत्या. हेंबादूनही हसली होती.

आता ती धावली. हातातलं मुसळ हातातच राहिलं.

गर्दीची भिंत झाली होती. ती खांद्याने लोटत, शिव्या खात आत घुसली. मधोमध तेरलुमुन उभा होता, दोन्ही हात मांड्यांमध्ये गच्च दाबून. वाळवंटाकडून येणाऱ्या कोरड्या हर्मटान वाऱ्याच्या धुळीने त्याचा चेहरा आधीच राखेसारखा झाला होता, आणि त्यातून घामाचे ओघळ उतरत होते. त्याच्या पायांशी तानिमू पडला होता.

तानिमूला सगळा बाजार ओळखत होता. उत्तरेकडून, जेगा गावाकडून आलेला नखं काढणारा. कात्र्या एकमेकींवर वाजवत तो दुकानांमधून फिरायचा. कुणी बोलावलं की उकिडवं बसून, त्याचा हात आपल्या गुडघ्यावर घेऊन, बायको काढणार नाही इतक्या हळुवारपणे नखं काढायचा. हेंबादूनच्या खानावळीत तो रोज दुपारी जेवायचा आणि तिची भाषा मोडून-तोडून बोलायचा. आज त्याची टोपी पायदळी गेली होती. एक डोळा मिटला होता, आणि तोंडातून रक्ताची तार लोंबत होती.

"मी नखं काढली," तो म्हणत होता. "फक्त नखं. अल्लाशपथ, फक्त नखं."

"परत कर!" कुणीतरी त्याच्या बरगड्यांत लाथ घातली. "कुठे ठेवलंस? कुणाला विकलंस?"

"आधी परत कर, मग मर!"

सगळ्यात पुढे आकोसू होता, स्टँडवरचा मोटारसायकलवाला. हेंबादूनचं जुनं गिऱ्हाईक, आणि कालवणात मांसाचा तुकडा कमी आला तर भांडणारा. त्याने तानिमूचे पाय दोघांना धरायला लावले, ते फाकवले आणि बुटाच्या टाचेने मध्ये हाणलं. पुन्हा हाणलं. तानिमूच्या घशातून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता.

हेंबादूनने नवऱ्याचा दंड धरला. "तेरलुमुन! माझ्याकडे बघ. हात काढ आणि नीट बघ. आहे ते. तिथेच आहे."

"नाहीये गं!" तो ओरडला. "त्याने बोट धरलं आणि असं... असं गार पाणी ओतल्यासारखं झालं. आत गेलं सगळं. नाहीये!"

तो खोटं बोलत नव्हता. त्याचे डोळे तिने पाहिले. ते बुडणाऱ्या माणसाचे डोळे होते. ही भीती कुठून आली ते तिला ठाऊक होतं, आणि त्या सगळ्या गर्दीत फक्त तिलाच ठाऊक होतं.

लग्नानंतर कितीतरी वर्षं तिची कूस रिकामी राहिली. सासूने तिला खडक म्हटलं, सुकलेली विहीर म्हटलं. एकदा सगळ्या भावकीसमोर तिच्या ताटातलं अन्न कोंबड्यांना घातलं, कारण काय तर कोंबड्या निदान अंडी देतात. शेवटी हेंबादूनच नवऱ्याला घेऊन मिशनच्या हॉस्पिटलात गेली. तिथल्या सिस्टर एर्डूने आधी तिला तपासलं. कापडाचा शिवलेला गर्भाशय पुढे ठेवला, त्याच्या दोन बाजूंना दोन नळ्या, नळ्यांच्या टोकाशी बदामाएवढे दोन गोळे. "तुझं बीज दर महिन्याला इथून निघतं, या नळीत येऊन थांबतं आणि वाट बघतं," सिस्टर म्हणाली. "तुझ्या नळ्या मोकळ्या आहेत. तुझं सगळं जागच्या जागी आहे. आता नवऱ्याला बोलाव."

तेरलुमुन सुतार होता, धडधाकट, दरवाजा एकट्याने पाठीवर घेऊन जाणारा. सिस्टरने त्याच्यासमोर एका मोज्यात दोन लिंबं टाकली आणि मोजा हवेत धरला.

"हृदय छातीच्या पिंजऱ्यात, मेंदू कवटीत. मग देवाने हे एवढं मोलाचं असं उघड्यावर का टांगलं, सांग."

तेरलुमुनने मांड्या जवळ घेतल्या.

"कारण बीज उबेत तयार होत नाही. त्याला अंगापेक्षा थोडी गार जागा लागते. उकडलं की ही पिशवी सैल पडते, खाली लोंबते. थंडी वाजली, भीती वाटली, की आतला स्नायू दोघांना वर ओढून घेतो. तुझ्या डाव्या बाजूला शिरा फुगल्यात. गरम रक्त तिथे साचून राहतं. बीज आहे, पण थोडं, आणि त्यातलं बरंचसं अर्धमेलं. छोटं ऑपरेशन आहे. जांघेत बोटभर चीर."

"जांघेत?" तेरलुमुनने एवढंच विचारलं होतं.

ती चीर उद्या घालायची होती. तारीख मिळाल्यापासून त्याची झोप उडाली होती. तो सारखा परसात जाऊन स्वतःला बघून यायचा. आज सकाळी, वारा हाडं फोडत असताना, त्याने पिंपातल्या बर्फासारख्या पाण्याने आंघोळ केली आणि ओल्या अंगानेच घरात आला. "हेंबा, आत जातंय ते," तो म्हणाला. ती चुलीपाशी होती. "थंडीत सगळ्यांचंच जातं," ती म्हणाली आणि हसली. तो कपडे करून बाजारात गेला, आणि नखंवाल्याने त्याचा हात हातात घेतला.

आता कुणीतरी ओरडलं, "टायर आणा!" आणि खरंच एक टायर डोक्यांवरून हातोहात पुढे यायला लागला.

"जाळायचं नंतर," आकोसू म्हणाला. त्याने तानिमूचीच कात्री धुळीतून उचलली होती. "याने आपल्या माणसाचं नेलं ना? मग याचं काढू. डोळ्याला डोळा."

दोघांनी तानिमूचा पायजमा ओढून फाडला.

तेव्हा हेंबादूनने जे केलं ते म्बाकुरमध्ये कुठल्याच बाईने कधी केलं नव्हतं. तिने नवऱ्याच्या पँटीला हात घातला, बटण तोडलं आणि ती गुडघ्यापर्यंत खाली ओढली. तो हात आडवे घ्यायला गेला, तर तिने त्याच्या हातांवर मुसळाच्या दांड्याचा फटका दिला.

"बघा!" ती किंचाळली. "डोळे असतील तर बघा! आहे! सगळं आहे! थंडीने आणि भीतीने आखडलंय, दुसरं काही नाही!"

क्षणभर सगळं थांबलं. तेरलुमुन भर बाजारात, भर उन्हात उभा होता. जे गेलं म्हणून तो रडत होता ते तिथेच होतं, शेंगदाण्यासारखं आक्रसून, अंगाला चिकटून, पण होतं. मागून एक बाई फिसकन हसली.

मग आकोसूने दोन्ही हात वर केले. "परत आलं!" तो गरजला. "मार बसला तसं परत आलं!"

"परत आलं! परत आलं!" गर्दी नाचायला लागली. कुणी टाळ्या वाजवल्या. कुणी तेरलुमुनच्या पाठीवर थाप मारली. हेंबादूनला वाटलं, संपलं. पण शेजारचा मिरचीवाला वाकून, पारखून बघत म्हणाला, "पण गड्या, पहिल्यापासून एवढंच होतं का?"

सगळे तेरलुमुनकडे बघायला लागले.

तो एक शब्द बोलला असता तर भागलं असतं. हो, एवढंच. थंडी आहे, माणसांनो. जाऊ द्या त्याला. हेंबादून त्याच्या ओठांकडे बघत राहिली. त्याने पँट वर ओढली, आजूबाजूच्या बाप्यांच्या तोंडांकडे बघितलं, मागे हसणाऱ्या बाईकडे बघितलं.

"लहान आहे," तो म्हणाला. "एवढं नव्हतं."

"अर्धं ठेवून घेतलंय हरामखोराने!"

पुन्हा लाथा सुरू झाल्या. आकोसू गुडघ्यांवर बसला. त्याने एका मुठीत तानिमूची ती मोज्यासारखी कातडी धरली आणि दुसऱ्या हाताने कात्री उघडली.

हेंबादूनने मुसळ उचललं. बाजारात आल्यापासून ते तिच्या हातात वर-खाली होत होतं आणि तिचे खांदे त्याला सरावलेले होते. तिने ते उखळात हाणतात तसं, पूर्ण वजनानिशी, आकोसूच्या कोपराखाली आणलं. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. कात्री पडली. आकोसू हात पोटाशी धरून लोळायला लागला. कुणीतरी तिच्या तोंडावर फळी मारली. दात तुटून जिभेवर आला आणि तिने तो थुंकला. दुसरा फटका मानेवर बसला. तेव्हा ती तानिमूच्या अंगावर आडवी पडली, पोटाखाली त्याचं डोकं घेतलं आणि गुडघे आवळून धरले. तिच्या पाठीवर, कुल्ल्यांवर, पोटऱ्यांवर बूट पडत होते. खालून तानिमूचा श्वास गरम आणि ओला लागत होता.

"सोडा तिला! हेंबादून आहे ती! आपली हेंबादून आहे!"

हा आवाज शिमिनमावशीचा होता. खानावळींच्या रांगेत हेंबादूनच्या शेजारी तिची चूल होती. मावशी एकटी आली नव्हती. कुणाच्या हातात मुसळ, कुणाच्या हातात उकळत्या पाण्याची कढई, अशा पाच-सहा जणी गर्दीत शिरल्या होत्या. नखंवाल्यासाठी त्या आल्या नव्हत्या, हे मावशीने पुढे स्वतःच सांगितलं. "त्याचं मला काय? तुझ्यासाठी आले." कढईतलं पाणी पहिल्या ओळीच्या पायांवर सांडलं आणि ओळ मागे हटली. तेवढ्यात आरडाओरड ऐकून पोलिसांची गाडी आली. त्यांनी हवेत बार काढले, आणि जी माणसं आत्तापर्यंत न्यायाधीश होती ती कोबीच्या ढिगांवरून उड्या मारत पळाली.

तेरलुमुन पळाला नाही. तो जागेवरच पँटीचं तुटलेलं बटण शोधत होता. पोलिसांनी त्याला त्याच गाडीत घातलं.

तानिमूला भाजीच्या टेंपोतून मिशनच्या हॉस्पिटलात नेलं. हेंबादून त्याच्या डोक्यापाशी बसली होती, तोंडात लुगड्याचा बोळा धरून. सिस्टर एर्डूने तिचा ओठ शिवला आणि मग ती आत गेली. ऊन कलेपर्यंत बाहेर आली नाही. आली तेव्हा तिच्या झग्यावर पोटापाशी रक्त होतं.

"बरगड्या मोडल्यात. डोळा वाचेल असं वाटतं." ती बाकावर बसली. "डावं वृषण वाचलं नाही. फुटलेलं होतं, आतलं सगळं बाहेर. डॉक्टरांनी काढून टाकलं. उजवं सुजलंय, पण रक्त पोचतंय त्याला."

"म्हणजे त्याला..."

"एक पुरतं. दोन मूत्रपिंडांसारखंच, एक गेलं तर दुसरं कामाला लागतं." सिस्टरने झग्यावरचं रक्त बोळ्याने पुसलं. "मी शाळांतून मोजा घेऊन फिरते, हेंबादून. पोरं हसतात. मला वाटायचं, हसताहेत म्हणजे शिकताहेत."

तेरलुमुन तिथे आला तेव्हा व्हरांड्यात उन्हाची शेवटची तिरीप होती. ठाणेदार त्याच्या मामाच्या गावचा निघाला होता, म्हणून चौकशी करून त्याला तात्पुरतं सोडलं होतं. तो थेट तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"सगळ्या गावासमोर मला नागवं केलंस."

शिवलेल्या ओठांमुळे तिला नीट बोलता येत नव्हतं. "तू म्हणालास, लहान आहे."

"मला तसंच वाटलं!"

"तसं वाटलं की तसं बोलायचं होतं?"

त्याने तिला मारलं. उघड्या हाताने, टाक्यांच्याच बाजूला. टाके उसवले, हनुवटीवरून रक्त खाली आलं. तिने हात उचलला नाही; मुसळ बाजारातच पडलं होतं, आणि तिच्या अंगात उचलायला काही उरलंही नव्हतं. ती फक्त त्याच्याकडे बघत राहिली. त्याने पुन्हा हात उगारला, पण सिस्टर एर्डूने मधे पडून त्याला दोन्ही हातांनी भिंतीवर ढकललं.

"इथे नाही!" ती ओरडली. "माझ्या व्हरांड्यात नाही! आत जाऊन बघ, तुझ्या शब्दाने काय झालंय ते बघ, मग मार कुणाला मारायचं ते!"

तो आत गेला नाही. भिंतीला टेकून खाली बसला आणि हमसाहमशी रडायला लागला. "आई रोज विचारते, नातू कुठे आहे. काय सांगू तिला? खडक मी आहे, असं सांगू?" हेंबादून ऐकत होती. एरवी असं रडणं ऐकून तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं असतं. आज ती हनुवटीवरचं रक्त पुसत बसली. अंधार पडायच्या आत तो उठून आईच्या गावाला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तानिमू शुद्धीवर आला. हेंबादूनने त्याला चमच्याने पेज भरवली. पेज ओठांवरून सांडत होती. त्याने छताकडे बघत हळूच विचारलं, "ताई, त्याचं मिळालं का?"

तिला आधी कळलंच नाही. "काय?"

"तुझ्या नवऱ्याचं. मी काही केलं नाही. पण एवढी माणसं म्हणत होती... मला वाटलं, माझ्या हातातच काही असेल. मला न कळता." त्याने सुजलेली बोटं चादरीवर पसरून बघितली. "मिळालं का?"

"गेलंच नव्हतं रे," ती म्हणाली. आणि हे सगळं सुरू झाल्यापासून पहिल्यांदा तिला रडू फुटलं. टाके ओढले जात होते, तरी थांबेना.

त्याचं काय काढलं ते सिस्टरने त्याला त्याच्या भाषेत सांगितलं. घरी तीन मुली आहेत, तो म्हणाला. मग त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि दोन दिवस कुणाशी बोलला नाही. त्याचा थोरला भाऊ उत्तरेकडून न्यायला आला. उंच, अबोल माणूस. हेंबादूनने वाटेसाठी शिजवून बांधून दिलेलं अन्न त्याने घेतलं नाही. म्हणाला, "बाई, तू चांगली असशील. पण या गावचं पाणीसुद्धा आम्हाला नको." तानिमू त्याच्या खांद्यावर रेलून, पाय फाकवून, एकेक पाऊल टाकत गेला. त्याने मागे वळून बघितलं नाही, आणि तिलाही त्यात वावगं वाटलं नाही.

खटला असा उभा राहिलाच नाही. पोलिसांनी विचारलं तर मारणारे कोण, हे कुणीच पाहिलं नव्हतं. तेरलुमुन आईकडेच राहिला. पावसाळ्याच्या तोंडावर त्याचा निरोप आला, की तिकडच्या हॉस्पिटलात त्याने चीर घालून घेतली, दुखलं नाही, आणि ती येणार का? हेंबादूनने निरोप आणणाऱ्याला जेवू घातलं आणि सांगितलं, "बरं झालं म्हणावं. मी येणार नाही." सासूने तिच्या नावाने गावभर खडे फोडले. भावकीने बैठक बोलावली. ती गेली नाही.

खानावळ मात्र तिने चालू ठेवली. तोंडातली एक जागा रिकामी होती, हसताना ती तिथे जीभ ठेवायची.

एका बाजाराच्या दिवशी आकोसू आला. हात वाकडाच जुळला होता, कोपर पुरतं सरळ होत नव्हतं. पोलिसांत तिचं नाव त्याने सांगितलं नव्हतं; सांगितलं असतं तर तो तिथे काय करत होता हेही सांगावं लागलं असतं. तो बाकावर बसला, दोन दोस्तांना घेऊन, जसं काही झालंच नव्हतं.

"वहिनी, झालं गेलं," तो मोठ्याने म्हणाला, आजूबाजूच्यांना ऐकू जावं असं. "मी राग ठेवत नाही. शेवटी आमच्यामुळेच तुझ्या नवऱ्याचं परत आलं की नाही? त्या नावाने एक तुकडा जास्त घाल."

दोस्त हसले. हेंबादूनने त्याचं ताट वाढलं होतं, टरबुजाच्या बियांचं कालवण, वर मांस. तिने ते त्याच्यासमोर ठेवलं आणि तिथेच उभी राहिली.

"काय परत आलं, ते मी सांगते," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण शेजारच्या चुलींवरच्या बायकांचे हात थांबले. "तुझ्या टाचेखाली त्या माणसाचं डावं वृषण फुटलं. पिकलेलं संत्रं पायाखाली यावं तसं. आत दोऱ्यासारख्या बारीक नळ्या असतात, एकीत एक गुंडाळलेल्या, त्यांत बीज तयार होतं. त्या सगळ्या बाहेर आल्या होत्या. सिस्टरने झग्यावरून पुसून काढल्या. तानिमू तुझ्याच बाकावर बसून जेवायचा. आता जेव."

आकोसूने घास उचलला होता. तो तसाच हातात राहिला. एक दोस्त बाजूला तोंड करून थुंकला.

"जेवणाच्या वेळेला काय हे," आकोसू म्हणाला.

"जेव ना. मांस आहे."

तो ताडकन उठला, ताट कलंडलं. त्याने चांगला हात उगारला. शिमिनमावशी चुलीपुढून न उठता म्हणाली, "दुसराही मोडून घ्यायचाय का रे?" मावशीपलीकडच्या दोघी मात्र खाली बघत भाकऱ्या उलटत राहिल्या, त्यांचे नवरे त्या दिवशी त्या गर्दीत होते.

आकोसूने हात खाली घेतला, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला आणि दोस्तांना घेऊन रांगेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. त्या दिवसापासून मोटारसायकलवाले तिच्याकडे फिरकले नाहीत. त्यांच्यामागून मिरचीवाला गेला, मग लोखंडवाले गेले. उरले ते ट्रकचालक, हॉस्पिटलातली माणसं, आणि दूरदूरहून सिस्टरकडे तपासायला आलेल्या बायका, ज्या एकट्या बसायच्या आणि कुणाशी बोलायच्या नाहीत.

त्या दिवशी हेंबादूनने सांडलेलं ताट उचललं, जमिनीवर राख टाकली आणि पुन्हा कुटायला उभी राहिली.